नवी प्रणाली, जुनी नस्ती

विद्यापीठात नवी संगणक प्रणाली आणायची असेल, तर ती कशासाठी हवी हे टिपणीत लिहू नका. 'पुनर्मूल्यांकनाचा अर्ज विद्यार्थ्याला घरून करता यावा' असं लिहिलंत, की परीक्षा विभागातला एखादा जाणकार विचारणार, 'शुल्काचा भरणा लेखा विभागाच्या हिशेबाशी जुळवणार कोण?' प्रश्न रास्त असल्यामुळे उत्तर द्यावं लागतं आणि फाइल तिथंच मुक्काम ठोकते. त्यापेक्षा 'कृत्रिम बुद्धिमत्ताधारित एकात्मिक डिजिटल परिसर' असं लिहा. कुणालाच काही कळत नाही, म्हणून कुणी हरकत घेत नाही. विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या अहवालातही ते शोभून दिसतं.

प्रस्ताव एप्रिलमध्ये टाकण्याचा उत्साह आवरा. तेव्हा तरतूद नुकतीच हाती आलेली असते आणि ती जपण्याकडे सगळ्यांचा कल असतो. फाइलला पाय फुटतात जानेवारीत, कारण ३१ मार्चनंतर अखर्चित रक्कम व्यपगत होते, म्हणजे हातची जाते. विभागप्रमुख, कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी, खरेदी समिती, व्यवस्थापन परिषद अशी तिची यात्रा. वाटेत कुठेतरी 'चर्चा करावी' असा शेरा पडेल. कुणी, कुणाशी, कशाची, हे त्यात नसतं. म्हणून तुम्हीच 'चर्चेनुसार फेरसादर' लिहून पुढे सरकवा.

तांत्रिक तपशील पुरवठादाराच्या माहितीपत्रकातून जसाच्या तसा उतरवा, फक्त वजन आणि रंग गाळा. नाहीतर एकच निविदा येते आणि मुदतवाढ द्यावी लागते. तीन निविदांपैकी दोघांचा पत्ता एकाच इमारतीतला निघाला, तर लेखापरीक्षक विचारतीलच. पण तोवर तुमच्या विभागप्रमुखपदाची मुदत संपलेली असेल. पात्रतेच्या अटीत 'अशा कामाचा अनुभव' एवढंच असू द्या. शाळेची हजेरी काय, विद्यापीठाची परीक्षा काय, प्रणालीच ती. तांत्रिक लिफाफ्यात सगळे पात्र ठरले, की आर्थिक लिफाफ्यात ज्याचा दर सर्वात कमी त्याला काम, आणि डोक्याला ताप नाही.

जुन्या नोंदींचं स्थलांतर निविदेत घालू नका, किंमत वाढते. श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली नावं युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात, र्‍हस्व-दीर्घाची जागा बदलते. पण ते पदवी प्रमाणपत्र हातात पडल्यावर विद्यार्थी स्वतःच तपासतो आणि दुरुस्तीचं शुल्कही भरतो.

आधी एका विद्याशाखेवर चाचणी घेऊ, असं कुणी सुचवलं तर त्याला समितीतून मोकळं करा. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळ्यात सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एका फटक्यात संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. धाडस म्हणतात ते हे.

देखभालीचा विषय मात्र चुकूनही काढू नका. भांडवली खर्चाला मान्यता मिळते, दरवर्षीच्या आवर्ती खर्चाला प्रश्न मिळतात. वीज गेल्यावर सर्व्हर चालू ठेवणाऱ्या १० केव्हीएच्या यूपीएसला १६ ते २० बॅटऱ्या लागतात. यूपीएस आणताना फीत कापली जाते, बॅटऱ्या बदलायला कोण पाहुणा येणार? या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. खोली सतत दहा अंशांनी जास्त तापली, की ते निम्म्यावर येतं. म्हणून सर्व्हर गच्चीखालच्या पश्चिमेकडच्या खोलीत ठेवा आणि कार्यालय सुटताना वीजबचतीच्या परिपत्रकाप्रमाणे एसी बंद करा. वार्षिक परवाने, देखभाल करार, बॅकअपची जागा यांची तरतूद पहिल्या तीन वर्षांत कुणी विचारत नाही. चौथ्या वर्षी प्रणाली बंद पडली, की 'जुनी झाल्याने' नवीन प्रस्ताव टाकता येतो. तो पुन्हा भांडवली.

माल मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येईल. खोकी मोजा, जडवस्तू नोंदवहीत नोंद करा, कार्यान्वित झाल्याच्या अहवालावर त्याच दिवशी सही करा, म्हणजे बिल निघेल. हमीची तीन वर्षंही त्याच सहीपासून मोजली जातात, पण त्यासाठी खोकी उघडायची घाई नको. खोलीत प्लग पॉइंट नाहीत. ते काम अभियांत्रिकी विभागाकडे येतं आणि त्याची नस्ती वेगळी.