शेपूट बघून ओळखावं तर

रात्रीचे साडेनऊ. मुलीच्या हातात वर्कशीट, त्यावर दहा इंग्रजी वाक्यं आणि वर सूचना: अ‍ॅडव्हर्ब अधोरेखित करा.

"आई, तुला येतं ना हे?"

त्यातला 'ना' मला झोंबला.

"न यायला काय झालं? शब्दाच्या शेवटी एल-वाय दिसलं की खाली रेघ मार."

हे सूत्र मला शाळेत मिळालं होतं आणि त्यावर मी अख्खी दहावी काढली होती. पहिलं वाक्य, 'शी सिंग्ज ब्यूटिफुली'. मारली रेघ. दुसरं, 'माय फ्रेंडली नेबर स्माइल्ड'. फ्रेंडलीखाली रेघ. तिसऱ्यात लव्हली, चौथ्यात सिली; पेन्सिल थांबेना. पाचवं, 'ही रन्स फास्ट'. एल-वायचा पत्ताच नाही. "यात अ‍ॅडव्हर्ब नाहीच. मुद्दाम फसवायला घातलंय," मी ठणकावलं. सातव्या वाक्यातल्या 'फॅमिली'लाही आम्ही सोडलं नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी लाल शाईत कळलं. दहापैकी दोन.

मुलगी काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. कशी बघत राहिली हे सांगायला जो शब्द लागतो ना, तोच अ‍ॅडव्हर्ब.

मग मी अभ्यासाला बसले. आपल्याकडे नावातच उलगडा आहे: क्रियाविशेषण, क्रियेबद्दल विशेष सांगणारं. इंग्रजीतल्या या गृहस्थाचं एवढ्यावर भागत नाही. तो क्रियापदाबद्दल बोलतो, विशेषणाबद्दल बोलतो, दुसऱ्या अ‍ॅडव्हर्बबद्दल बोलतो आणि लहर लागली तर अख्ख्या वाक्यावर शेरा मारतो. 'व्हेरी ब्यूटिफुली' म्हटलं तर ब्यूटिफुली गाण्याबद्दल, आणि व्हेरी ब्यूटिफुलीबद्दल. येस्टरडे, हिअर, ऑलवेज, इतकंच काय, 'नॉट'सुद्धा याच घरातला. कुठे ठेवावं ते न कळलेलं सामान आपण ज्या कपाटात कोंबतो, तसा हा वर्ग. दार उघडलं की अंगावर पडतो.

शेपटाचा घोटाळा मात्र फार जुना निघाला. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी 'ए' लावून अ‍ॅडव्हर्ब करत. पुढे तो 'ए' झिजून गेला आणि 'फास्ट' दोन्हीकडे एकाच रूपात उरला. तसंच 'लीच' हा विशेषणाचा प्रत्यय आणि 'लीचे' हा अ‍ॅडव्हर्बचा. शतकानुशतकं झिजून दोघांचंही 'ली' झालं. फ्रेंडली पहिल्या घराण्यातला, ब्यूटिफुली दुसऱ्या. शेपूट तेच, गोत्र वेगळं. हे मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर मी फॅमिलीची अशी बेअब्रू केली नसती.

आता मी शेपूट बघत नाही, प्रश्न विचारते. कसं धावतो? फास्ट. म्हणजे सापडला. फ्रेंडली काय सांगतो? शेजारी कसा आहे ते. हसला कसा ते नाही. म्हणजे विशेषण. मुलीला हे पटलं. मलाच गडबड वाटली ती मराठीमुळे. आपण 'तो चांगला गातो, ती चांगली गाते' म्हणतो. शब्द सांगतो गाण्याबद्दल आणि लिंग बघतो गाणाऱ्याचं! अशा संस्कारात वाढल्यावर 'शी सिंग्ज गुड' तोंडातून जाणारच. तिथे 'वेल' हवं, हे तोंडाला कोण सांगणार?

'लुक'ने तर घाम काढला. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली, इथे विशेषण. 'शी लुक्ड अँग्रिली अ‍ॅट मी' म्हणजे तिने माझ्याकडे रागाने पाहिलं, इथे अ‍ॅडव्हर्ब. आमच्या घरी त्या संध्याकाळी दोन्ही वाक्यं एकदमच लागू होती.

आठवड्याने पुन्हा चाचणी होती. पोरगी रोज रात्री घोकत बसली. तिचे कष्ट मॅडमना कळावेत म्हणून मी डायरीत इंग्रजीतून चिठ्ठी लिहिली. 'हार्ड' हे विशेषण, त्याला ली जोडलं की झालं अ‍ॅडव्हर्ब, असा हिशेब करून लिहिलं: 'माय डॉटर हॅज हार्डली स्टडीड धिस वीक.' खाली झोकात सही केली.

'हार्डली' म्हणजे 'जेमतेम, जवळजवळ नाहीच', हे मला डायरी परत आल्यावर समजलं. कष्टाने अभ्यास करायलाही 'हार्ड'च लागतो म्हणे, बिनशेपटीचा.

मॅडमनी उत्तर दिलं होतं, तीनच शब्दांचं: 'आय कम्प्लीटली अ‍ॅग्री.'

मुलीने डायरी माझ्या हातातून घेतली, पेन्सिल काढली आणि मधल्या शब्दाखाली सरळ रेघ मारली.

"हा आहे, आई."