वायर कापली कुणी? जुन्या बॉक्स्टरमधल्या नॅव्हिगेशन स्टिरिओबद्दल

इंग्लंडमधल्या आम्हा मराठी गाडीवेड्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. कुणीतरी दुसऱ्या ग्रुपवरून आणून टाकतं, आठवड्याने आणखी कुणीतरी तोच परत टाकतं. मजकूर असा: "जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये बाहेरचा नॅव्हिगेशन स्टिरिओ चुकूनही बसवू नका. एक, वायरिंग जळतं. दोन, बॅटरी रोज उतरते. तीन, ओरिजिनल साउंड कायमचा जातो. चार, नकाशा फोनवर फुकट मिळतो, मग डॅशबोर्ड कशाला उचकटायचा? पाच, विकताना गाडीला निम्मी किंमत येते."

माझ्याकडे २००१ ची पोर्शे बॉक्स्टर आहे, उघडता येणाऱ्या कापडी छताची स्पोर्ट्स कार, ९८६ नावाच्या पिढीतली. तिच्यात नॅव्हिगेशनचा स्टिरिओ मी स्वतः बसवलाय आणि तो रोज वापरते. हा मेसेज वाचून ग्रुपमधल्या दोघांनी विकत घेतलेले स्टिरिओ परत केले, म्हणून लिहायला बसले.

वायरिंगपासून सुरुवात करते, कारण मेसेजमधली बाकीची बरीचशी भीती इथूनच निघते. मी गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने कुठल्याशा दुकानातून बसवून घेतलेला स्टिरिओ आत होता. दोन्ही बाजूंना पातळ चाव्या खुपसून तो बाहेर ओढला आणि मागचं दृश्य बघून पोटात गोळा आला. गाडीचा मूळ प्लग कापून टाकलेला. त्यातून आलेल्या सगळ्या वायरी सोलून, नुसता पीळ देऊन स्टिरिओच्या वायरींना जोडलेल्या आणि वरून काळी टेप. उन्हाने टेपचा गोंद वितळून वायरींवर ओघळला होता, बोटाला चिकट लागत होता. एक जोड तर टेपमधून निसटून उघडाच लोंबत होता. अर्थिंगची काळी वायर रंग दिलेल्या पट्टीवर स्क्रूने आवळलेली. रंगावर अर्थिंग नीट बसत नाही, हे शिकाऊ मुलालाही माहीत असतं.

मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा असंच काहीतरी पाहिलं असेल. त्याची भीती मला कळते. पण ही करामत स्टिरिओने केलेली नव्हती, पकड हातात धरणाऱ्या माणसाने केली होती.

या गाडीत रेडिओच्या मागे आयएसओ पद्धतीचे (म्हणजे बऱ्याच कंपन्या वापरतात त्या ठरलेल्या मापाचे) प्लग येतात: एका ठोकळ्यात वीज, दुसऱ्यात स्पीकर. त्यात थेट बसणारं जोडहार्नेस, म्हणजे प्लग लावलेला वायरींचा तयार जुडगा, दहा-वीस पौंडांत मिळतं. त्याचं एक टोक गाडीच्या प्लगमध्ये जातं, दुसरं टोक स्टिरिओच्या वायरींना घरच्या टेबलावर बसून, उजेडात, निवांत जोडायचं. गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. शिवाय गाडीच्याच प्लगमधून वीज घेतली की कारखान्याने दिलेला फ्यूज आपोआप वाटेत येतो. वायर जळते ती शॉर्ट झाल्यावर वाटेत फ्यूज नसेल तर, म्हणजे कुणी बॅटरीवरून सरळ वायर ओढून आणली असेल तर.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. बाजारातल्या स्टिरिओच्या वायरींचे रंग साधारण ठरलेले असतात: पिवळी म्हणजे कायमची वीज, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारी, काळी अर्थिंग, निळी-पांढरी अॅम्पला (म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या अॅम्प्लिफायरला) जागं करणारी. गाडीच्या बाजूचे रंग मात्र कंपनीगणिक वेगळे. काही जर्मन गाड्यांत तर कायमच्या आणि किल्लीच्या विजेच्या पिनाच आयएसओच्या उलट असतात. म्हणून रंगाला रंग जोडू नका. मल्टिमीटर लावा, किल्ली फिरवून आणि काढून दोन्ही वेळा बघा, मगच जोडा.

माझ्या गाडीच्या कापलेल्या टोकांवर नवे आयएसओ सॉकेट बसवायला मला दोन शनिवार लागले. एकेक वायर शोधायची, तपासायची, क्रिम्प करायची (धातूच्या टोपीत दाबून पक्की करायची), वर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवायची. नवा स्टिरिओ लावायला त्यानंतर दीड तास पुरला.

मेसेजमध्ये एक अर्धसत्य आहे, तेही सांगते. २००३ च्या मॉडेलपासून बॉक्स्टरमध्ये मोस्ट नावाची व्यवस्था आली. रेडिओ, अॅम्प, सीडी चेंजर ही सगळी यंत्रं प्लास्टिकच्या प्रकाशतंतूंनी एका कड्यात जोडलेली. प्रत्येक यंत्र प्रकाश घेतं आणि पुढच्याला देतं. कड्यातलं एक यंत्र काढलं की कडं तुटतं आणि सगळंच मुकं होतं. चालू गाडीत प्लग काढून पाहिलात तर टोकाशी लाल ठिपका चमकताना दिसतो. तांब्याची वायर या तंतूला जोडता येत नाही, तंतू फार वाकवून चालत नाही (२५ मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत नकोच), आणि फॅक्टरी अॅम्प ठेवायचा तर प्रकाशाची भाषा समजणारा वेगळा अडॅप्टर लागतो. तो महाग असतो. अशा गाडीला घरी हात लावू नका म्हणाल तर मी मान डोलवीन. पण मेसेज सरसकट "जुन्या स्पोर्ट्स कार" म्हणतो, आणि २००२ पर्यंतच्या बॉक्स्टरमध्ये ही भानगडच नाही.

आता बॅटरी. माझीही उतरायची, पाच-सहा दिवस गाडी उभी राहिली की हमखास. ग्रुपवर सल्ला आला, स्टिरिओ काढून टाक. मी आधी मीटर काढला. बॅटरीची ऋण वायर सोडवून मीटर मध्ये लावला, दाराची कुलपं पेचकसने बंद स्थितीत ढकलली (दार उघडं आहे असं गाडीला वाटत राहिलं तर ती झोपतच नाही) आणि अर्धा तास थांबले. आकडा ४३० मिलिअँपिअरवर येऊन स्थिरावला. म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास नुसते गळत होते. ७० अँपिअर-तासांची बॅटरी आठवडाभरात आडवी होणारच.

कारण सापडलं ते साधं होतं. दुकानातल्या माणसाने किल्लीची वीज शोधायचा कंटाळा केला होता आणि लाल वायर पिवळीलाच बांधून टाकली होती. त्यामुळे गाडी बंद झालेली स्टिरिओला कधी कळायचंच नाही. अॅम्पही त्याच्यासोबत रात्रभर जागा. लाल वायर किल्लीच्या विजेवर आणल्यावर आकडा ३० च्या खाली आला. बंद गाडी ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर काळजीचं कारण नसतं. मोजताना मीटर मध्ये असताना गाडी सुरू करू नका, त्याचा फ्यूज उडतो.

काही स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओ पटकन सुरू व्हावेत म्हणून पुरते बंद होत नाहीत, नुसते डुलकी घेतात, आणि त्या डुलकीतही वीज खातात. सेटिंगमध्ये झोपेचा पर्याय बंद करता येत असेल तर करा, नसेल तर तो स्टिरिओ घेऊच नका. आणि या गाड्यांत एक खोड आहे, जिचं खापर हमखास स्टिरिओवर फुटतं. कापडी छताच्या पाण्याच्या वाटा पानांनी तुंबल्या की पाणी आत येतं आणि सीटखालच्या इलेक्ट्रॉनिक डब्याला लागतं. मग अलार्म, कुलपं, बॅटरी, सगळंच वेड्यासारखं वागायला लागतं. आधी गालिचा हाताने दाबून बघा, ओला लागतो का.

साउंडचं थोडक्यात सांगते. फॅक्टरी अॅम्प मुका राहतो कारण निळी-पांढरी वायर जोडलेली नसते. एफएम खरखरतो कारण अँटेनाच्या अॅम्प्लिफायरला मूळ रेडिओकडून मिळणारे १२ व्होल्ट नव्या रेडिओकडून पोचत नाहीत. त्यासाठी केबलच्या मध्ये लावायचा छोटा अडॅप्टर मिळतो. हे दोन जोड नीट झाले तर साउंड गेला म्हणायची वेळ येत नाही. माझा सुधारला.

"नकाशा फोनवर फुकट मिळतो" हा मुद्दा सगळ्यांना पटतो, मलाही काही वर्षं पटला होता. इथे मार्च २०२२ पासून गाडी चालवताना फोन हातात धरणं जवळपास कुठल्याही कारणासाठी गुन्हा आहे: २०० पौंड दंड आणि परवान्यावर दंडाचे ६ पॉइंट. स्टँडवर ठेवलेला चालतो, पण बॉक्स्टरची काच बुटकी आणि आडवी. फोन तिच्यावर चिकटवला की नजरेच्या वाटेतच येतो. छप्पर उघडं असेल तर वरून ऊन. जुलैमध्ये माझा फोन तापून बंद पडला, तोही अनोळखी गावातल्या राउंडअबाउटवर.

पण खरा फरक बोगद्यात कळतो. लंडनच्या लाइमहाउस लिंकमध्ये जवळपास पावणेदोन किलोमीटर आकाश दिसत नाही आणि फाटे आतच फुटतात. उपग्रहाचा सिग्नल तिथे नसतो, आणि फोन नेमका फाट्याशी गोंधळतो. मुंबईत कोस्टल रोडच्या बोगद्यातून जाताना हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. स्वतःचं नॅव्हिगेशन असलेल्या चांगल्या स्टिरिओला एक गुलाबी वायर असते. ती गाडीच्या वेगाच्या सिग्नलला जोडली की आकाश नसतानाही आपण किती पुढे आलो ते त्याला कळत राहतं. ही वायर बहुतेक जण टेप लावून तशीच सोडून देतात. नॅव्हिगेशनसाठी पैसे मोजायचे आणि हीच वायर सोडायची, याचं मला फार वाईट वाटतं.

जीपीएसची अँटेना डॅशच्या प्लास्टिकखाली चालते, वर धातू नसावा आणि तिचं तोंड आकाशाकडे असावं. मी ती डॅशच्या वरच्या आवरणाखाली ठेवलीय, बाहेरून वायरसुद्धा दिसत नाही. आणि हँडब्रेक ओढलाय का ते स्टिरिओला सांगणारी पोपटी वायर अर्थला बांधून चालत्या गाडीत व्हिडिओ बघायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. चालकाला दिसेल अशा पडद्यावर सिनेमा इथे बेकायदा आहे.

राहिली किंमत. ज्या काळात माझी गाडी नवी होती, त्याच काळात बेकर या जर्मन रेडिओ कंपनीचा ट्रॅफिक प्रो नावाचा एका डिनचा (डिन म्हणजे डॅशबोर्डमधल्या रेडिओच्या खाचेचं ठरलेलं माप) नॅव्हिगेशन रेडिओ लोक हौसेने अशा गाड्यांत बसवून घेत होते. पोर्शेचे मूळ रेडिओही बेकरच बनवायची. पुढे २०१५ मध्ये खुद्द पोर्शेने आपल्या जुन्या ९११ या स्पोर्ट्स कारसाठी एका डिनचं नॅव्हिगेशन विकायला काढलं. २०२० मध्ये त्याची नवी पिढी आली: जुन्या गाड्यांसाठी साडेतीन इंची पडद्याचं, आणि ९११ च्या ९९६ पिढीसाठी व माझ्या ९८६ साठी सात इंची, दोन डिनचं. ज्या कारखान्यातून गाडी निघाली, तोच तिच्यासाठी नवा पडदा विकतोय. मग पडद्यानेच किंमत पडते असं कसं म्हणायचं? घेणारा आत डोकावतो तेव्हा त्याला खटकतो तो करवतीने कापलेला कन्सोल. एका डिनचं तोंड १८० बाय ५० मिलिमीटर, दोन डिनचं १८० बाय १००. ९८६ मध्ये दोन डिन हवं असेल तर एसीचं पॅनल खालच्या कप्प्याच्या जागी सरकवता येतं, कापाकापी न करता. मी एका डिनचाच घेतला, पडदा पुढे तरंगणारा. एसीची बटणं तेवढी थोडी झाकली जातात. विमा कंपनीला मात्र कळवा. मी फोन केला, बदल नोंदवला गेला, हप्ता तेवढाच राहिला.

आधीच्या मालकाने मूळ बेकर रेडिओ फेकला नव्हता, हे माझं नशीब. तो आता जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात आहे, सोबत काढायच्या चाव्या आणि कोडचं कार्ड, कारण वीज तुटल्यावर कोड दिल्याशिवाय तो बोलत नाही. गेल्या महिन्यात सहज म्हणून तो परत लावून पाहिला. नवा स्टिरिओ काढला, प्लग बदलले, कोड दाबला. वीस मिनिटांत गाडी २००१ सालची झाली, आणि संध्याकाळी पुन्हा नवा स्टिरिओ लावून मी ब्रायटनला गेले.