नगाला किती देता?

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जोरदार भांडण झालं. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट असलेल्या एका मित्राने जर्मनीच्या गिऱ्हाईकाकडून आलेल्या फॉर्मचा फोटो टाकला, बावीस पानं, तुमच्याकडे बालकामगार आहेत का, वय कसं तपासता, सूत देणाऱ्याकडे आहेत का, रंगवाल्याकडे आहेत का. खाली त्याने लिहिलं, ‘भाव बांगलादेशचा पाहिजे आणि कागद जर्मनीचे.’ झालं, मग सगळेच सुटले, कोण म्हणे हा आपला माल अडवायचा डाव आहे, कोण म्हणे पोरांनी घरात जरा हात लावला तर काय बिघडलं, आपण नाही का केलं. मी श्टुटगार्टजवळ असलेच फॉर्म पाठवणाऱ्या एका कंपनीत परचेसला आहे, त्यामुळे मला टॅग करून ‘काय बे, तू गोऱ्यांच्या बाजूने का?’

तिथे दोन ओळी लिहून पळ काढला, इथे सविस्तर लिहितो.

आधी फॉर्म कुठून येतो ते. जर्मनीत 2023 पासून सप्लाय चेनचा कायदा लागू झाला, पहिल्या वर्षी तीन हजारांवर कामगार असलेल्या कंपन्यांना, 2024 पासून हजारच्या वरच्यांना. माल कुठूनही आणा, तो बनवताना मुलं राबत असतील तर ते शोधणं, थांबवणं ही तुमची जबाबदारी. ऐकायला झकास. पण गोम अशी की पक्की जबाबदारी थेट सप्लायरपुरतीच आहे. त्याच्या खालच्या पायरीवर काय चालतं ते बघायचं कधी, तर तशी ठोस माहिती हातात आली तर. म्हणजे कळलं तर करा, आणि कळून न घेणं सगळ्यांनाच सोयीचं. ऑडिटवाला येतो, गेटवर चहा पितो, मशीनवरच्या माणसांची आधार कार्डं बघतो, आग विझवायचे सिलिंडर मोजतो आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने परत. कारखान्यात त्याला मूल दिसत नाही, कारण तिथे ते नसतंच. ते असतं पूर्व भागातल्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत, बाहेर दिलेल्या टॉवेलांचे धागे कापत, घड्या घालत, आईच्या शेजारी बसून. आणि पगार त्याला नाही, आईला मिळतो, तोसुद्धा नगावर.

हे मला ऑडिट न करता माहीत आहे, कारण आमच्या घरात टॉवेलच्या जागी विडी होती एवढाच फरक. आई विडी कारखान्याच्या ब्रँचमधून पानं, तंबाखू, सूत आणायची. पानं रात्री भिजवून ठेवायची, सकाळी आम्ही दोघं भावंडं त्यावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायचो, मग आई वळायची आणि ताई बारक्या सळीने तोंडं दुमडायची. दिवसाला हजार झाल्या पाहिजेत. एकट्या बाईला हजार वळायला दिवस पुरत नाही, दोन पोरं धरली तर दुपारच्या आत ब्रँच गाठता येते, हा साधा हिशोब होता, त्यात कोणी वाईट नव्हतं. वर ब्रँचमध्ये छाट काढायचे, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला, त्या पुन्हा भरून द्यायच्या. आमच्या घराला तंबाखूचा वास होता हे मला कॉलेजला गेल्यावर कळलं.

1986 च्या बालकामगार कायद्यात विडीचं नाव होतंच, बरं का. पण घरच्या माणसांच्या मदतीने चालणाऱ्या कामाला त्यात सूट होती, त्यामुळे आम्ही कायद्याने बालकामगार नव्हतोच, आम्ही आईला मदत करणारी गुणी पोरं होतो. 2016 ला दुरुस्ती झाली, चौदाच्या आतल्या मुलांना सगळ्याच कामांना बंदी, पण शाळा सुटल्यावर नि सुट्टीत धोक्याच्या नसलेल्या घरच्या धंद्यात मदत चालेल, ही फट राहिलीच. शाळा किती वाजता सुटली हे खोलीत येऊन कोण बघणार.

‘काय बिघडलं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, माझं काही बिघडलं नाही, मी शिकलो, इकडे आलो. ताईचा हात माझ्यापेक्षा भरभर चालायचा म्हणून तिची शाळा सातवीत सुटली. ती या ग्रुपवर नाही.

आता इकडची बाजू. आमच्या शेजारचा तेरा वर्षांचा पोरगा आठवड्यातून एकदा जाहिरातींची पत्रकं वाटतो, कायद्याने चालतं, तेरा पूर्ण झाल्यावर आईबापाची परवानगी असेल तर हलकं काम दिवसाला दोन तास. त्याला हेडफोन घ्यायचे आहेत. पत्रकं वाटली नाहीत तर त्याच्या घरात चूल बंद पडत नाही, फरक तेवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. आणि हे लोक पहिल्यापासून असे नव्हते. इथून दोन अडीच तासांवर रावेन्सबुर्ग म्हणून गाव आहे, तिथे ऑस्ट्रियाच्या डोंगरातली गरीब घरची पोरं मार्चच्या बर्फातून चालत यायची, बाजारात उभी राहायची, शेतकरी त्यांना गुरं राखायला घेऊन जायचे, नोव्हेंबरमध्ये परत. हे पार विसाव्या शतकापर्यंत चाललं, 1921 ला बाहेरून आलेल्या पोरांनाही शाळा सक्तीची झाली तेव्हा मोडलं. मला ते वाचताना आपल्याकडे ऊसतोडीला आईबापाबरोबर फडावर येणारी पोरं आठवली, शाळेचं अर्धं वर्ष तिथेच जातं.

म्हणून गोऱ्यांनी आम्हाला शिकवू नये हे मला पटतं, पण म्हणून फॉर्म फाडून टाका हे पटत नाही. आणि ऑर्डर तोडा हे तर अजिबात नाही. बांगलादेशात 1992 नंतर हेच झालं, अमेरिकेत मुलांनी बनवलेला माल बंद करायचं विधेयक आलं, नुसत्या धास्तीने गारमेंटवाल्यांनी हजारो पोरं काढून टाकली आणि त्यातली बरीच शाळेत नाही, खडी फोडायला गेली. पुढे 1995 ला करार करून आधी शाळा, मग काढणं, असा क्रम लावावा लागला. जर्मन कायद्यातही संबंध तोडणं शेवटचा उपाय म्हटलंय, पण परचेसमध्ये तो पहिलाच सुचतो, एक मेल टाकला की आपली कागदं स्वच्छ.

माझं म्हणणं साधं आहे, मुलाचं वय विचारण्याआधी आईचा दर विचारा. एक बाई एकटीने आठ तासांत जेवढं करू शकते तेवढ्यावर तिची किमान मजुरी निघते का? निघत नसेल तर पोर मदतीला बसणारच, मग फॉर्मवर काहीही टिक करा. मी आमच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न घातला, काम बाहेर देता का, दिलंत तर नगाला किती देता. बॉसने विचारलं, मग बरोबर दर किती? मला आकडा माहीत नव्हता, म्हणून त्याच मित्राला फोन लावला. तो आधी हसला, मग म्हणाला, ‘सांगतो की, हिशोब करून पाठवतो. पण तू आधी तुझ्या साहेबाला विचार, टॉवेलमागे किती सेंट वाढवून देतोस?’

ते मी जसंच्या तसं जर्मनमध्ये लिहून वर पाठवलंय. त्यानंतर दोन मीटिंगा झाल्या, दोन्हीत तो मुद्दा वेळेअभावी राहिला.