‘डेटा निनावी असतो, मग काळजी कसली?’ या दाव्याला उत्तर

एखाद्या ॲपने लोकांची माहिती विकल्याची बातमी आली की तिच्यामागोमाग एक ठरावीक उत्तर फिरायला लागतं. ते थोडक्यात असं: कंपन्या डेटा देतात तो निनावी करूनच देतात. त्यात नाव, फोन नंबर, ईमेल काही नसतं. नावाच्या जागी एक कोड असतो. लाखो लोकांच्या गर्दीत तुम्हाला शोधत कोण बसणार? कंपन्यांना तुमच्यात रस नाही, सरासरीत आहे. कायद्यालाही हे चालतं. आणि एवढ्यालाही नकार दिलात तर संशोधन बंद पडेल.

हे उत्तर पुढे पाठवणारे बहुतेक जण भल्या हेतूने पाठवतात. घाबरलेल्याला धीर द्यावा, इतकंच त्यांच्या मनात असतं. पण यातली बहुतेक वाक्यं गेल्या तीसेक वर्षांत प्रत्यक्ष तपासून झाली आहेत आणि ती टिकलेली नाहीत. म्हणून एकेक घेतो.

‘नाव, नंबर काढून टाकलेले असतात’

यावरचा सगळ्यात गाजलेला दाखला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यात तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचं काम पाहणाऱ्या आयोगाने रुग्णालयांतल्या नोंदी संशोधकांना द्यायला सुरुवात केली. नावं आणि पत्ते काढले होते. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मात्र ठेवले होते, कारण अभ्यासाला ते लागतात. कुणाचीही ओळख उघड होणार नाही, अशी खात्री गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना दिली. तेव्हा एमआयटी या विद्यापीठात शिकत असलेल्या लटान्या स्वीनी यांनी २० डॉलर भरून त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. वेल्ड त्याच शहरात राहत. त्या यादीत नावाशेजारी जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड होते. वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहा जण शहरात निघाले. त्यांतले तीन पुरुष. आणि त्या तिघांपैकी वेल्ड यांच्या पिनकोडात राहणारे एकटे वेल्डच. ज्यांनी खात्री दिली होती त्यांचीच रुग्णालयातली नोंद नावानिशी सापडली.

यात कुणी कुलूप फोडलं नव्हतं. दोन्ही फायली सरळ मार्गाने मिळालेल्या होत्या. एकीत आजार होते आणि नावं नव्हती, दुसरीत नावं होती आणि आजार नव्हते. तीन रकाने दोन्हींत सारखे निघाले, तेवढं पुरलं. पुढे २००० साली स्वीनी यांनी हिशेब मांडला की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकमेव ठरतात. २००६ मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने हाच हिशेब जनगणनेच्या आकड्यांवर पुन्हा केला, तेव्हा उत्तर ६३ टक्के आलं. धाकटा आकडा धरला तरी दर दहांतले सहा जण तीन रकान्यांत उघडे पडतात.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. एखादी फाईल निनावी आहे की नाही, हे त्या फाईलकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. तिच्याशी जोडता येईल असं काय काय जगात दुसरीकडे पडलेलं आहे, त्यावर ते ठरतं. आणि तो साठा वाढतच जातो. आज निनावी असलेली फाईल उद्या दुसऱ्याच कुठल्या दुकानाची ग्राहकयादी फुटली की निनावी राहत नाही. आश्वासन देणारी कंपनी अगदी प्रामाणिक असली, तरी उद्या बाहेर येणाऱ्या फायलींची हमी ती देऊ शकत नाही.

‘नावाच्या जागी कोड असतो’

शाळेच्या फलकावर गुण नावाऐवजी हजेरी क्रमांकाने लावले, तरी वर्गातल्या प्रत्येकाला कोण नापास झालं ते कळतंच. कोडचं तसं आहे. तो बदलत नसेल, तर ते दुसरं नावच.

त्यावर सांगितलं जातं की हा साधा क्रमांक नसतो, ‘हॅश’ असतो. म्हणजे गणिती पद्धतीने बनवलेली अक्षरांची माळ, जिच्यावरून मूळ माहितीकडे उलटं जाता येत नाही. गणितापुरतं हे खरं आहे. पण उलटं जायची गरजच पडत नाही. फोन नंबर दहा अंकी असेल तर एकूण शक्यता जास्तीत जास्त १ हजार कोटी. त्या सगळ्यांचे हॅश काढून तक्ता बनवायला आजच्या चांगल्या संगणकाला काही मिनिटं पुरतात. मग फाईलमधली माळ तक्त्यात शोधायची, की नंबर समोर.

हे न्यू यॉर्कच्या टॅक्सींबाबत घडलेलं आहे. २०१३ या वर्षातल्या १७ कोटींहून जास्त टॅक्सीफेऱ्यांची नोंद माहिती अधिकारात मागितली गेली आणि २०१४ मध्ये ती सगळ्यांपुढे आली. गाडीचा परवाना क्रमांक आणि चालकाचा क्रमांक यांच्या जागी हॅश टाकले होते. परवाना क्रमांकांची रचना ठरलेली असते, त्यामुळे शक्यता मोजक्याच होत्या. एका संगणक अभियंत्याने काही तासांत सगळे क्रमांक उलगडून दाखवले. त्यानंतर दुसऱ्या एकाने टॅक्सीत चढताना टिपलेली प्रसिद्ध लोकांची छायाचित्रं घेतली. गाडीचा क्रमांक आणि वेळ फोटोत होतीच. त्यावरून कोण कुठे उतरलं आणि भाडं किती दिलं, हे त्याने शोधून काढलं. म्हणजे चालकांबरोबर प्रवासीही सापडले, आणि प्रवाशांची तर नावं त्या फाईलमध्ये कधी नव्हतीच.

हॅश केल्याने डेटा निनावी होत नाही, हे अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने जुलै २०२४ मध्ये कंपन्यांना उद्देशून पुन्हा एकदा स्पष्ट लिहिलं. पुन्हा एकदा, कारण हेच त्यांनी आधीही सांगितलं होतं.

‘लाखोंच्या गर्दीत तुम्ही हरवून जाता’

मनाला सगळ्यात पटणारा मुद्दा हाच, आणि सगळ्यात चुकीचाही हाच. गर्दीत आपण हरवतो ते लोक आपल्याकडे एकदाच बघतात म्हणून. फोन आपल्याकडे दिवसभर बघत असतो.

२०१३ मध्ये संशोधकांच्या एका गटाने १५ लाख लोकांच्या मोबाईलच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांत नावं नव्हती, फक्त कोणत्या तासाला फोन कोणत्या टॉवरजवळ होता एवढंच होतं. अशी चारच ठिकाणं वेळेसह माहीत असली, तर १५ लाखांतून ९५ टक्के लोक एकमेव ठरत होते. स्वतःचा विचार करून बघा. रात्री दोन वाजता तुमचा फोन जिथे असतो ते तुमचं घर. दुपारी बारा वाजता जिथे असतो ते कामाचं ठिकाण. ही दोन्ही ठिकाणं सामाईक असलेली माणसं जगात किती असतील? बहुधा एकच, आणि असलीच तर तुमच्या घरातली. त्याच गटाच्या प्रमुख संशोधकाने २०१५ मध्ये ११ लाख लोकांची तीन महिन्यांची क्रेडिट कार्डाची खरेदी तपासली. तिथेही चार व्यवहारांची जागा आणि दिवस कळले की ९० टक्के लोक वेगळे निघाले.

स्थानाची गोष्ट सोडा, आवडीनिवडीही पुरतात. २००६ मध्ये नेटफ्लिक्सने चित्रपट सुचवण्याची पद्धत सुधारणाऱ्याला १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं आणि त्यासाठी सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले १० कोटींहून जास्त शेरे (रेटिंग) नावाशिवाय प्रसिद्ध केले. टेक्सास विद्यापीठातल्या अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवलं की एखाद्याचे आठ चित्रपटांचे शेरे माहीत असले, त्यांतले दोन साफ चुकीचे असले आणि तारखांत दोन आठवड्यांची गफलत असली, तरी ९९ टक्के नोंदी एकमेव ओळखता येतात. काही ग्राहकांनी दुसऱ्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने चित्रपटांचे शेरे लिहिले होते. त्यांच्याशी ताळा करून त्यांनी खरी ओळख लागते हेही सिद्ध केलं. लोकांनी चारचौघांत सांगितलेले चार चित्रपट एका बाजूला, आणि घरात एकट्याने पाहिलेले सगळे दुसऱ्या बाजूला. माणसाचा धर्म, राजकारण, लैंगिक कल या दुसऱ्या यादीतून डोकावतो. कंपनीविरुद्ध खटला झाला आणि २०१० मध्ये पुढची स्पर्धा रद्द करावी लागली.

गर्दी मोठी झाली की आपण झाकले जातो, हा समज इथे उलटा पडतो. झाकलं जाण्यासाठी आपल्यासारखी माणसं हुबेहूब आपल्यासारखीच असावी लागतात. रकाने वाढले की तशी माणसं उरत नाहीत.

‘पण शोधायला बसलंय कोण?’

ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत इंटरनेटवर केलेले २ कोटी शोध संशोधनासाठी खुले केले. नावांऐवजी क्रमांक होते. लोक काय शोधतात? आपल्या गावातल्या सेवा, आपल्या आडनावाचे लोक, आपली दुखणी. काही दिवसांत पत्रकार त्यातल्या एका वृद्ध स्त्रीच्या दारात उभे होते. फाईल कंपनीने तीनेक दिवसांत काढून टाकली, पण तोवर तिच्या प्रती सगळीकडे गेल्या होत्या, आणि आजही त्या सापडतात. खासगी माहिती एकदा बाहेर गेली की मागे घेण्याची सोय नसते. पासवर्ड बदलता येतो. तीन महिन्यांत काय काय शोधलं, ते बदलता येत नाही.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका कॅथलिक वृत्तसंकेतस्थळाने बाजारात विकत मिळणारा, नावं नसलेला स्थानडेटा वापरून एका वरिष्ठ धर्मगुरूचा फोन ओळखला आणि ते कोणतं ॲप वापरतात, कुठे जातात हे छापलं. त्यांना पद सोडावं लागलं. हे करायला कुठली गुप्तचर यंत्रणा लागली नाही. तेव्हा ‘कोण बसलंय’ याचं उत्तर असं की ज्याला तुमच्याविषयी राग, संशय किंवा हाव आहे तो बसलेला असतो. सोडून गेलेल्या पत्नीचा माग काढणारा नवरा असतो, संघटना बांधणारे कामगार शोधणारा मालक असतो. अशा एकाच माणसाने तुम्हाला शोधलं तरी पुरतं, बाकी कोट्यवधींनी शोधलं नाही याचा तुम्हाला काही उपयोग होत नाही.

‘कंपन्यांना तुमच्यात रस नाही’

मग फोनला जाहिरात-क्रमांक कशासाठी दिलेला असतो? हाच फोन काल तिकडे होता आणि आज इकडे आला, हे वेगवेगळ्या ॲपना एकमेकांत जुळवता यावं म्हणून. कंपनीला तुमचं नाव नको असेल, पण तुम्ही तेच आहात हे तिला पक्कं हवं असतं, नाहीतर काल पाहिलेल्या बुटांची जाहिरात आज तुमच्यामागे येणार नाही.

अवास्टचं प्रकरण इथे आठवावं. ही अँटिव्हायरस बनवणारी कंपनी, माग काढणाऱ्यांपासून संरक्षण देण्याचं वचन देऊन ती लोकांच्या संगणकात गेली. फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्यानुसार तिने जंपशॉट या उपकंपनीमार्फत लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास १०० हून जास्त ग्राहकांना विकला. ओळख पटेल अशी माहिती काढून टाकतो, असं सांगितलं जात होतं. प्रत्यक्षात प्रत्येक ब्राउझरला स्वतंत्र क्रमांक होता आणि प्रत्येक भेटीची नेमकी वेळ होती. २०२० मध्ये जंपशॉट बंद झाली. २०२४ मध्ये अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले आणि जाहिरातींसाठी असा डेटा विकण्यावर बंदी आली.

‘कायद्याला हे चालतं’

सरसकट नाही. युरोपचा २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा कायदा नाव आहे की नाही एवढंच विचारत नाही. कंपनी किंवा आणखी कुणी, वाजवी शक्यतेतली साधनं वापरून त्या डेटातून माणूस ओळखू शकेल का, हे तो विचारतो. नावाऐवजी कोड असला, पण जास्तीची माहिती जोडून माणूस सापडत असला, तर तो डेटा वैयक्तिकच.

‘मग संशोधन बंद करायचं का?’

नाही, आणि हा प्रश्न मी मनापासून गंभीर मानतो. साथीचा प्रसार, औषधांचे दुष्परिणाम, रस्त्यावरचे अपघात हे समजून घ्यायला लोकांची माहिती लागतेच. पण त्यासाठी दर माणसाची स्वतंत्र ओळ असलेली फाईल बाजारात सोडायला लागत नाही.

२००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी ‘डिफरन्शियल प्रायव्हसी’ ही पद्धत मांडली. तिच्यात उत्तरांत मोजूनमापून थोडी गडबड मिसळतात, इतकी की एखादा माणूस यादीत असला काय आणि नसला काय, निकालावरून ते सांगता येऊ नये. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ही पद्धत वापरली गेली. तिची किंमत आहे: लहान गावांचे आकडे धूसर होतात आणि त्यावर संशोधकांनी रास्त तक्रारीही केल्या. पण किती धूसर करायचं, हा वाद उघडपणे आणि आकड्यांत घालता येतो. ‘आम्ही निनावी करतो’ या वाक्यावर तसा वाद घालायला काही हातातच येत नाही.

नुसती बेरीज केली की भागतं असंही नाही. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये १०० कोटींहून जास्त नोंदी एकत्र करून जगाचा नकाशा काढला. एकाही माणसाचं नाव नाही, एकाचाही वेगळा रस्ता नाही. तरी ओसाड भागांत धावण्याच्या लख्ख वाटा उमटल्या, आणि जानेवारी २०१८ मध्ये एका विद्यार्थ्याने दाखवून दिलं की ते लष्करी तळ आहेत.

म्हणून कुणी ‘डेटा निनावी आहे’ म्हटलं की तिथेच विचारावं. दर माणसाची किंवा दर फोनची वेगळी ओळ आहे का? कोड कायम तोच राहतो का? तारखा आणि जागा किती नेमक्या आहेत? फाईल घेणाऱ्याला ती दुसऱ्या फाईलशी जोडायला मनाई आहे का, आणि ती मनाई पाळली जाते हे कोण तपासतं? पहिल्या दोनांचं उत्तर ‘हो’ असेल, तर नाव काढल्याने फारसा फरक पडलेला नाही. आणि उत्तरच मिळत नसेल, तर ती माहिती नावानिशी दिली जाते आहे असं धरून परवानगी द्यायची की नाही ते ठरवावं.