भाडोत्री पहारा नागपूरने पाहिलाय

लष्करी कामांच्या खासगीकरणाची बाजू मांडणाऱ्या लेखाचे लेखक म्हणतात, स्वयंपाक, वाहतूक, पहारा ही लष्करी कामं खासगी कंत्राटदारांना दिली की पेन्शनचा बोजा वाचतो. पण स्वयंपाक आणि पहारा एका ओळीत बसवले कसे? पोळ्या लाटणाऱ्याच्या हातात बंदूक नसते हो.

बगदादच्या निसूर चौकात १६ सप्टेंबर २००७ ला ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या माणसांनी गोळीबार केला, १७ इराकी नागरिक मेले. खटला वर्षानुवर्षं चालला, २०१४ मध्ये चौघे दोषी ठरले आणि २०२० मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफीही देऊन टाकली!

आणि आपलंच नागपूर बघा. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचे भाडोत्री अरब शिपाई जिवावर उदार होऊन लढले, त्यात वाद नाही. पण डिसेंबरात राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तरी अरब शहर सोडेनात. आधी थकलेला पगार द्या, मग बोला! जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, चालून आलेल्या इंग्रजांना त्यांनी मागे रेटलं आणि अटी ठरल्यावरच बाहेर पडले. धनी शरण गेला तरी फौज आपल्या हिशेबाने चालली. (गेटजवळच्या महाल भागात राहणाऱ्यांनाही हे क्वचितच माहीत असतं.)

कामठीचे आमच्या ओळखीतले एक निवृत्त हवालदार आखातात पहाऱ्याच्या नोकरीवर गेले. करारात पगाराचा आकडा ठळक होता, जखमी झाल्यास काय, याबद्दल अक्षर नव्हतं. लेखकांनी बचत मोजताना हा खर्च कोणाच्या खात्यात टाकलाय?