आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे

‘आयएसबीएन घेतला की कादंबरीचे हक्क सुरक्षित, म्हणून त्याचे पैसे भरा’ असा मेसेज नवोदितांमध्ये फिरतोय. चूक. तो १३ अंकी क्रमांक फक्त पुस्तकाची ओळख. भारतात राजा राममोहन रॉय संस्था तो मोफत देते. हक्क लिहिता क्षणीच लेखकाचा असतो, हयातभर आणि पुढे ६० वर्षे. नोंदणी ऐच्छिक.

हक्क जातो तो करारावरच्या सहीने. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ या एका ओळीत अनुवाद, ऑडिओ, चित्रपट सगळं निघून जातं. तिथे ‘मराठी छापील आवृत्ती, ३ वर्षे’ असं लिहून घ्या. मुदत लिहिलीच नसेल तर कॉपीराइट कायदा (१९५७, कलम १९) ५ वर्षे धरतो.