या मशीनचा पत्ता काय हो?

लिनक्सच्या टर्मिनलवर 'आयपी ॲडर' टाइप केलं की संगणक आपले सगळे नेटवर्क पत्ते निमूटपणे छापतो. हीच माहिती सी प्रोग्राममधून काढायची म्हटली की "त्यात काय, चार ओळींचं काम" म्हणणारा कोणीतरी हमखास भेटतो. त्याच्या त्या चार ओळी मला पाठ आहेत. गेटहोस्टनेम या फंक्शनने मशीनचं नाव मिळवायचं, ते नावावरून पत्ता शोधणाऱ्या गेटहोस्टबायनेमच्या हातात द्यायचं आणि येईल ते छापायचं. प्रोग्राम पहिल्या फटक्यात कंपाइल होतो, चालतो आणि अभिमानाने सांगतो: १२७.०.०.१. डेबियन किंवा उबुंटू असेल तर जरा वेगळेपण म्हणून १२७.०.१.१. कारण ही जोडी नेटवर्क कार्डाकडे फिरकतच नाही. ती मशीनचं नाव आधी होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे मशीनवरच्याच नाव-पत्त्यांच्या यादीत शोधते, आणि डेबियनच्या इन्स्टॉलरने तिथे त्या नावासमोर १२७.०.१.१ लिहून ठेवलेलं असतं. आणि १२७ ने सुरू होणारे पत्ते मशीनने आतल्या आत स्वतःशीच बोलायचे. उत्तर शंभर टक्के खरं, उपयोग शून्य.

मुळात 'मशीनचा पत्ता' असा एकवचनी प्रश्न विचारणाऱ्यांवर माझा राग आहे. पत्ता मशीनला नसतो, इंटरफेसला, म्हणजे नेटवर्कला जोडणाऱ्या एकेका तोंडाला असतो, आणि एकेका इंटरफेसला हवे तितके असू शकतात. साधा लॅपटॉप घ्या. स्वतःशीच बोलायचा लूपबॅक आहे, वायफाय आहे, केबलचं पोर्ट आहे. प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं डॉकर असेल तर त्याचा ब्रिज, म्हणजे आभासी इंटरफेस, बहुधा १७२.१७.०.१ अडवून बसलेला, व्हर्च्युअल मशीनचा ब्रिज १९२.१६८.१२२.१ वर, वर कोणी व्हीपीएन लावलेलं. आयपी आवृत्ती ६ असेल तर वायफायलाच एक लिंक-लोकल (फक्त त्या जाळ्यापुरता), एक बऱ्यापैकी स्थिर आणि खासगीपणासाठी अधूनमधून बदलणारे एकदोन तात्पुरते. हा सगळा प्रकार म्हणजे सातबाऱ्याचा उतारा आहे: जमीन एक, नावं डझनभर, आणि त्यातला प्रत्यक्ष कसणारा कोण हे उताऱ्यावरून कळेलच असं नाही.

हा उतारा काढायची जुनी वाट आयऑक्टलमधून, म्हणजे कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) विनंती करणाऱ्या कॉलमधून जाते. एसआयओसीजीआयएफकॉन्फ असं त्या विनंतीचं नाव. ते तोंडाने उच्चारताना मी कोणाला ऐकलेलं नाही, सगळे कॉपीच करतात. आधी आपण बफर, म्हणजे मेमरीतली रिकामी जागा द्यायची, मग कर्नल त्यात नोंदी भरतं. ६४ बिटी लिनक्सवर एक नोंद ४० बाइटची. बफर छोटा पडला तर? काही नाही. कर्नल मावेल तेवढं भरून यश कळवतं, चूक म्हणून कळवतच नाही. त्यामुळे जुनेजाणते लोक बफर वाढवत वाढवत तीच विनंती पुन्हा करतात आणि लांबी बदलायची थांबली की सुटकेचा श्वास सोडतात. एवढं करून लिनक्सवर पदरात पडतात फक्त आवृत्ती ४ चे पत्ते. सहाव्या आवृत्तीचा इथे उल्लेखही नाही.

म्हणून शहाण्याने गेटइफॲड्र्स हे फंक्शन वापरावं. बीएसडी या युनिक्सच्या शाखेकडून आलेलं हे फंक्शन जीलिबसीत (लिनक्सच्या सी लायब्ररीत) २.३ पासून आहे, आणि लिनक्सवर ते आतून नेटलिंकशी, म्हणजे कर्नलच्या नेटवर्क माहितीच्या खिडकीशी बोलून घेतं, म्हणजे ती कटकट आपल्याला नाही. पॉइंटरचा (मेमरीतल्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या चलाचा) मेमरीतला पत्ता द्या, लिंक्ड लिस्ट घ्या, लूप फिरवा. इथपर्यंत खरंच चार ओळी होतात.

खरी गंमत छापताना सुरू होते. यादीत इंटरफेसमागे एक नव्हे, पत्त्यामागे एक नोंद असते, त्यामुळे वायफायचं नाव तीन-चार वेळा येतं. ते बघून 'डुप्लिकेट काढणारा' कोड कृपया लिहू नये. शिवाय लिनक्सवर सुरुवातीच्या नोंदी आयपीच्या नसतातच. त्या एएफ-पॅकेट कुळातल्या (कुळ म्हणजे पत्त्याचा प्रकार), म्हणजे हार्डवेअर पत्त्याच्या असतात. नवशिका कुळ न तपासता सरसकट सगळ्यांना सॉकॲडर-इन, म्हणजे आवृत्ती ४ च्या पत्त्याची रचना, समजून कास्ट करतो, आणि पडद्यावर उमटतं: लूपबॅक १.०.०.०, केबल २.०.०.०, वायफाय ३.०.०.०. इतके नीटनेटके पत्ते बघून तो खूशही होतो. प्रत्यक्षात तो इंटरफेसचा अनुक्रमांक असतो. सॉकॲडर-इनमध्ये आयपी पत्ता जिथून सुरू होतो, त्याच चौथ्या बाइटवर पॅकेटवाल्या रचनेत अनुक्रमांक ठेवलेला आहे. सहाव्या आवृत्तीच्या नोंदीत त्या जागी फ्लो-इन्फो असतो, तो सहसा शून्य, म्हणून तिथे ०.०.०.०. कंपायलर यातल्या कशालाही हरकत घेत नाही, कारण कास्ट करून आपणच त्याचं तोंड बंद केलेलं असतं.

दुसरा सापळा नल, म्हणजे कुठेच बोट न दाखवणाऱ्या पॉइंटरचा. नोंद आहे म्हणजे पत्ता असेलच असं नाही. टन किंवा वायरगार्डसारख्या व्हीपीएनच्या इंटरफेसला हार्डवेअर पत्ताच नसतो, तेव्हा त्या नोंदीतला पत्त्याचा पॉइंटर नल येतो. आणि आपण तर कुळ तपासायला थेट त्या पॉइंटरच्या आत हात घातलेला! परिणामी प्रोग्राम घरी उत्तम चालतो आणि ऑफिसचं व्हीपीएन लावलं की सेगमेंटेशन फॉल्ट देऊन कोसळतो. मग दोष व्हीपीएनला. लूपच्या पहिल्या ओळीत 'नल असेल तर पुढे चला' एवढं लिहावं, ते फुकट आहे.

आता पत्ता वाचता येईल असा छापणं. पूर्णांक म्हणून छापलात तर इंटेलच्या मशीनवर १२७.०.०.१ चा होतो १६७७७३४३, कारण नेटवर्कचा बाइटक्रम आणि मशीनचा बाइटक्रम उलटे. पत्त्याचा मजकूर करून देणारं इनेट-एनटोए वापरलंत तर ते दर वेळी त्याच एका स्टॅटिक बफरमध्ये लिहितं. एकाच प्रिंटएफमध्ये पत्ता आणि नेटमास्क (पत्त्यातला जाळ्याचा भाग दाखवणारा आकडा) दोन्ही मागितलेत की दोन्हीकडे तोच मजकूर येतो, आणि माणूस विचार करत बसतो की नेटमास्क १९२.१६८ ने कसा काय सुरू होतो. इनेट-एनटॉप यापेक्षा बरं. त्याला आवृत्ती ४ साठी १६ आणि ६ साठी ४६ अक्षरांचा बफर द्या. मात्र ते लिंक-लोकल पत्त्याचा झोन गाळून टाकतं. एफई८० ने सुरू होणारा पत्ता प्रत्येक इंटरफेसवर असू शकतो, म्हणून त्यामागे टक्क्याचं चिन्ह आणि इंटरफेसचं नाव लागतं. ते नसताना कनेक्ट करायला गेलं की 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' ऐकायला मिळतं.

माझी शिफारस याच कामाच्या गेटनेमइन्फोची, 'फक्त आकडे द्या' सांगणारा एनआय-न्यूमेरिकहोस्ट हा फ्लॅग लावून. फ्लॅग विसरलात तर ते प्रत्येक पत्त्याचं नाव शोधायला जातं, नावं-पत्ते सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरचीही दारं ठोठावतं आणि प्रोग्राम मध्येच चहाला गेल्यासारखा रेंगाळतो. दुसरी अट लांबीची. आवृत्ती ४ ची रचना १६ बाइट, ६ ची २८. सगळ्यांना साइझऑफ सॉकॲडर, म्हणजे १६, दिलंत की सहाव्या आवृत्तीला उत्तर येतं की हे कुळ चालत नाही. कुळ चालतं हो, लांबी चुकली आहे! आणि ही चूक नेहमीच्या चुका छापणाऱ्या पीएररने छापू नये, तो भलतंच काही सांगेल. त्यासाठी जीएआय-स्ट्रएरर आहे. एसटीडी सी९९ लावून कंपाइल करणाऱ्या शिस्तप्रिय मंडळींना बफरची लांबी सांगणारं एनआय-मॅक्सहोस्ट सापडत नाही. त्यांनी सगळ्या इनक्लूडच्या वर डिफॉल्ट-सोर्सचं डिफाइन टाकावं.

शेवटी यादीची मेमरी मोकळी करणारं फ्रीइफॲड्र्स. लूप फिरवताना यादीचा मूळ पॉइंटरच पुढे ढकलत नेलात तर अखेरीस हातात नल उरतो आणि मोकळं करायला काहीच नाही, यादी मेमरीत तशीच. त्यासाठी दुसरा पॉइंटर घ्या. उलट बाजूने, इंटरफेसचं नाव नुसत्या पॉइंटरने साठवून यादी मोकळी केलीत तर ते नावही गेलं. कॉपी करून ठेवा. नल धरून १६ बाइट पुरतात.

मॅकवर हाच कोड चालतो, फक्त हार्डवेअरचं कुळ एएफ-लिंक. विंडोजवर मात्र सगळं नव्याने: गेटअडॅप्टर्सॲड्रेसेस, सुरुवातीला १५ केबीचा बफर, आणि विनसॉक२ चं हेडर विंडोजच्या हेडरआधी, नाहीतर कंपायलर पानभर तक्रारी करतो.

एवढा उतारा हातात आल्यावर विचारणारा म्हणतो, "हो, पण यातला खरा कुठला?" बाहेर जाताना कुठला वापरला जाईल एवढंच हवं असेल तर यादी नकोच. यूडीपी सॉकेट उघडा, ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला कनेक्ट करा आणि सॉकेटचा आपल्या बाजूचा पत्ता गेटसॉकनेमला विचारा. यात एकही पॅकेट बाहेर पडत नाही. कर्नल नुसता राउटिंगचा तक्ता बघून निघायचा पत्ता ठरवतं. तक्त्यात वाटच नसेल तर कनेक्ट तिथेच नकार देतं.

आणि त्याला जगाला दिसणारा पत्ता हवा असेल, तर तो या यादीत बहुधा नाहीच. तो राउटरकडे असतो, किंवा राउटरलाच १००.६४ वगैरेने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल तर थेट इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीकडे. त्यासाठी बाहेरच्या सर्व्हरला स्टन प्रोटोकॉलने विचारावं लागतं. विनंती कमीत कमी २० बाइटची. उत्तरात मात्र आपला पत्ता सरळ येत नाही, ठरावीक आकड्याशी एक्सॉर (बिटांची उलटापालट) करून वेष पालटून येतो. कारण काही राउटर इतके मदतीला तत्पर असतात की पॅकेटच्या पोटात ओळखीचा पत्ता दिसला की तोही बदलून टाकतात.